लिलीपाँडच्या स्टाइलशीट: गाणं एकीकडे, छपाई दुसरीकडे

लिलीपाँड या स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये आठ-दहा गाणी उतरवून झाली की प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर तोच मजकूर दिसायला लागतो. कागदाचं माप, समास, फाँट, बार नंबर कुठे दिसावेत, शब्दांच्या दोन ओळींत अंतर किती. सगळं मागच्या गाण्यातून उचलून पुढच्यात चिकटवलेलं आणि दर वेळी थोडंसं बदललेलं. मग पुस्तक ए-फोरऐवजी ए-फाइव्हवर काढायचं ठरतं, तेव्हा कुठल्या फाइलीतली सेटिंग्ज खरी आणि कुठली नुसती मागून आलेली, हेच सांगता येत नाही.

हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझन या दोन डच प्रोग्रॅमरांनी १९९६ मध्ये लिलीपाँड सुरू केलं. आज ते ग्नू प्रकल्पाचा भाग आहे. त्याचा इनपुट म्हणजे साधी मजकुराची फाइल, त्यामुळे तिचे हवे तसे तुकडे करता येतात. छपाईच्या सेटिंग्जचा वेगळा तुकडा म्हणजे स्टाइलशीट. ही सोय पूर्ण वापरली, तर शंभर गाण्यांचा संग्रहही एका जागी बदल करून नव्या रूपात काढता येतो. वापरली नाही, तर माउसने नोटा ओढायच्या सॉफ्टवेअरपेक्षा लिलीपाँड जास्त त्रास देतं, हे माझं स्पष्ट मत आहे.

खालचं सगळं २.२४ मालिकेला धरून आहे. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलीत ती रोमनमध्येच टाइप करायची आणि जिथे लागतो तिथे आधी बॅकस्लॅश द्यायचा.

## कुठली ओळ कुठे जाईल

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हेच गाणं उद्या वेगळ्या कागदावर, वेगळ्या फाँटात छापलं तर ही ओळ बदलेल का? बदलणार असेल तर तिला गाण्याच्या फाइलीत जागा नाही. स्वर, शब्द, की, टाइम सिग्नेचर, रिपीट, टेम्पो आणि गीतकार-संगीतकारांची नावं ही गाण्याची. समास, मापं, फाँट, अंतरं, रंग ही छपाईची.

गोंधळ होतो तो मधल्या गोष्टींवर. ओळ कुठे तोडायची, पान कुठे उलटायचं, एखादी स्लर जरा वर उचलायची. या गोष्टी एका ठरावीक गाण्याच्या असतात, पण अवलंबून असतात कागदावर. ए-फोरसाठी दर चार बारांनी घातलेला ब्रेक ए-फाइव्हवर ओळी दाटून टाकतो. म्हणून ब्रेक स्वरांमध्ये पेरू नका. फक्त स्किप (न छापली जाणारी मोकळी जागा) आणि ब्रेक (ओळ तोडायची खूण) असलेला एक वेगळा व्हेरिएबल, म्हणजे नाव दिलेला तुकडा, बनवा: चार बार स्किप, ब्रेक, चार बार स्किप, ब्रेक. स्कोअर जोडताना तो स्वरांना समांतर लावा. ए-फोरचा एक, ए-फाइव्हचा एक. स्वरांना हातही लागत नाही. अशा जागोजागच्या दुरुस्त्या पुष्कळ झाल्या तर ओपनलिलीलिब या लिलीपाँडच्या पूरक संग्रहातलं एडिशन-एन्ग्रेव्हर हे साधन पाहा. बार क्रमांक आणि बारमधली जागा सांगून दुरुस्ती बाहेरून लावायची सोय त्यात आहे. साध्या गाण्यांना मात्र स्किपचा व्हेरिएबल पुरतो.

## फाइलींची वाटणी

वाटणी ‘बदलण्याच्या कारणानुसार’ करावी. कागद बदलला की एकच फाइल उघडावी लागली पाहिजे, फाँट बदलला की दुसरी एकच. गाण्यांच्या संग्रहाला पाच फाइली पुरतात: माप, फाँट, मांडणी, शब्द आणि चिन्हं. सहावी फाइल या पाचांना क्रमाने इन्क्लूड करते, म्हणजे स्वतःत ओढून घेते, आणि गाण्याच्या फाइलीत फक्त त्या सहाव्या फाइलीचं नाव येतं. पाचही नावं प्रत्येक गाण्यात लिहिली तर पुढे आणखी एका फाइलीची भर पडेल तेव्हा पुन्हा सगळी गाणी उघडावी लागतील.

एक्स्टेन्शनचा संकेत पाळा. जी फाइल स्वतंत्रपणे कंपाइल करायची तिला एल-वाय, जी फक्त इन्क्लूड व्हायची तिला आय-एल-वाय. लिलीपाँडला याने फरक पडत नाही, पण ‘फोल्डरमधल्या सगळ्या एल-वाय फाइली कंपाइल कर’ असं स्क्रिप्टला सांगता येतं, आणि स्टाइलशीट चुकून कंपाइल होत नाहीत. नावांना सामाईक उपसर्ग लावा आणि नावात स्पेस ठेवू नका. लिलीपाँडच्या स्वतःच्या फोल्डरातही इन्क्लूड होणाऱ्या फाइली आहेत. तुमच्या फाइलीचं नाव त्यांतल्या एखादीसारखं निघालं, तर भलतीच फाइल वाचली जाते आणि एररचा अर्थ लागत नाही.

क्रमाला महत्त्व आहे. सेट-ग्लोबल-स्टाफ-साइझ सगळ्यांत आधी, टॉप लेव्हलला, पेपर ब्लॉकच्या (कागदाच्या सेटिंग्जच्या गठ्ठ्याच्या) बाहेर. मग कागदाचं माप आणि समास, मग फाँट, शेवटी लेआउट ब्लॉक, म्हणजे स्वरांच्या मांडणीच्या सेटिंग्ज. स्टाफ-साइझची कमांड फाँटची मांडणी नव्याने बसवते. ती फाँटनंतर आली की निवडलेला फाँट पुसला जातो आणि गाणं मुकाट्याने डिफॉल्ट अक्षरांत छापलं जातं. एररही येत नाही, वॉर्निंगही नाही. ‘फाँट लागतच नाही’ या तक्रारीत सर्वांत आधी हा क्रम तपासावा.

पेपर ब्लॉकच्या आतही असाच नियम आहे. सेट-पेपर-साइझ पहिल्या ओळीत, कारण ती कमांड समासही कागदाच्या प्रमाणात बसवते. समास आधी आणि माप नंतर लिहिलं तर समास गेले.

## इन्क्लूड शोधतो कुठे

इन्क्लूड म्हणजे ती फाइल त्या जागी शब्दशः वाचणं, यापेक्षा जास्त काही नाही. नेमस्पेस नाही, ‘एकदाच वाच’ अशी सोयही आपोआप नाही. एकच फाइल दोनदा इन्क्लूड झाली तर दोनदा वाचली जाते आणि नंतरची किंमत टिकते.

हल्लीच्या आवृत्त्यांत इन्क्लूडचा पथ ज्या फाइलीत ती ओळ आहे तिच्यापासून मोजला जातो. जुन्या आवृत्त्यांत तो मूळ फाइलीपासून मोजला जाई, त्यामुळे स्टाइलशीटच्या आतून दुसरी स्टाइलशीट ओढली की गाडी अडायची. जुनं लिलीपाँड वापरणारं कोणी बरोबर असेल तर रिलेटिव्ह-इन्क्लूड्स हा पर्याय मुद्दाम चालू करून ठेवा.

गाण्यात ‘दोन फोल्डर वर जा, तिथून स्टाइलमध्ये’ असे पथ लिहू नका. गाणं दुसऱ्या फोल्डरात हलवलं की ते तुटतात. त्याऐवजी कंपाइल करताना कॅपिटल आय हा पर्याय देऊन स्टाइलशीटचं फोल्डर शोधमार्गात घाला आणि गाण्यात नुसतं नाव लिहा. हा पर्याय एकाहून जास्त वेळा देता येतो आणि फोल्डरं दिलेल्या क्रमानेच धुंडाळली जातात. फ्रेस्कोबाल्डी हा लिलीपाँडचा एडिटर वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये लिलीपाँडच्या विभागात इन्क्लूड पाथची यादी आहे, आणि प्रत्येक सेशनला वेगळी यादीही देता येते. दोन प्रकाशनांची दोन रूपं सांभाळणाऱ्याला सेशनची यादी फार उपयोगी पडते.

स्वरांच्या नावांची भाषा स्टाइलशीटमध्ये ठरवू नका. लँग्वेज कमांड इन्क्लूड संपला तरी चालूच राहते. स्टाइलशीटने इंग्रजी पद्धत लावली आणि गाणं डिफॉल्ट डच पद्धतीत असेल, तर ‘बेस’, ‘फिस’ ही नावं ओळखूच येत नाहीत. भाषा गाण्याच्या फाइलीत वरच लिहावी, आणि स्टाइलशीटमध्ये प्रत्यक्ष स्वर लिहायची वेळच येऊ देऊ नये.

## आधी नाव द्या, मग लावा

चांगल्या स्टाइलशीटची सवय म्हणजे गोष्टींना नावं देणं आणि त्या लागू करण्याचं काम एका वेगळ्या जागी करणं. लिलीपाँडमध्ये यासाठी सर्वांत कामाची चीज आहे विथ ब्लॉक. ओव्हरराइड आणि सेट या डिफॉल्ट बदलणाऱ्या कमांडचा गठ्ठा विथ ब्लॉकमध्ये बांधून व्हेरिएबलला द्या. तोच व्हेरिएबल लेआउट ब्लॉकमधल्या कॉन्टेक्स्टमध्ये (स्कोअर, स्टाफ, व्हॉइस यांपैकी एका पातळीत) घातला तर सगळ्या स्टाफना लागतो, आणि न्यू स्टाफच्या पुढे विथमध्ये घातला तर त्या एकाच स्टाफला. व्याख्या एक, वापर दोन. पूर्ण लेआउट ब्लॉकच व्हेरिएबलमध्ये ठेवायचीही सोय आहे, पण असे दोन ब्लॉक एकत्र करायला गेलं की भांडण लागतं, कारण प्रत्येक जण पूर्ण मांडणी घेऊन येतो. विथचे छोटे गठ्ठे हवे तसे जोडता येतात.

कॉन्टेक्स्ट चुकला की ओव्हरराइड काहीच न बोलता वाया जातो. बार नंबर हे याचं नेहमीचं उदाहरण. बार नंबर स्कोअर कॉन्टेक्स्टमध्ये तयार होतात. स्वरांच्या मध्ये नुसता ‘ओव्हरराइड बारनंबर’ लिहिला की तो व्हॉइसला लागतो, आणि व्हॉइसमध्ये बार नंबर नसतातच. पानावर काहीही बदलत नाही. शिवाय दर चार बारांनी नंबर हवा असेल तर दोन गोष्टी एकत्र लागतात. एक, स्कोअरमध्ये बार-नंबर-व्हिजिबिलिटी ‘प्रत्येक चौथा’ अशी ठेवणं. दोन, बारनंबरची ब्रेक-व्हिजिबिलिटी बदलून ओळीच्या मधल्या जागाही दाखवायला सांगणं, कारण डिफॉल्ट फक्त ओळीच्या सुरुवातीला दाखवतो. पहिली गोष्ट एकटी केली की ओळीच्या सुरुवातीचेसुद्धा बरेच नंबर गायब होतात, आणि माणूस गोंधळतो. या दोन्ही ओळी एकाच नावाखाली बांधून ठेवा. त्या एकत्र लागतात हे पुन्हा आठवावं लागू नये, हाच स्टाइलशीटचा उपयोग.

## पेपर ब्लॉकमधल्या खाचाखोचा

पेपर ब्लॉकमध्ये स्पेलिंग चुकलं तर लिलीपाँड तक्रार करत नाही. तिथे कुठलंही नाव लिहिता येतं. ‘टॉप-मार्जिन’मधली दोन अक्षरं उलटसुलट झाली तर लिलीपाँडला वाटतं तुम्ही नवा व्हेरिएबल बनवलात. समास जागचा हलत नाही. हेडर ब्लॉकचंही तसंच. म्हणून नवी ओळ घातली की आधी मुद्दाम अवाच्या सवा किंमत द्या, समजा ६० मिलिमीटर. पान हललं तर नाव बरोबर आहे. मग खरी किंमत लिहा.

एककं दोन प्रकारची आहेत. समास, इंडेंट यांना एकक लिहिलं नाही तर मिलिमीटर धरलं जातं. सिस्टिम-सिस्टिम-स्पेसिंगसारखी उभी अंतरं मात्र स्टाफ-स्पेसमध्ये, म्हणजे स्टाफच्या दोन रेघांमधल्या अंतरात मोजतात. २० पॉइंटच्या स्टाफमध्ये एक स्टाफ-स्पेस ५ पॉइंट. त्यामुळे स्टाफ लहान केला की उभी अंतरं आपोआप आकसतात, समास आकसत नाहीत.

या उभ्या अंतरांना चार घटक असतात: बेसिक-डिस्टन्स, मिनिमम-डिस्टन्स, पॅडिंग आणि स्ट्रेचेबिलिटी. दोन सिस्टिममधल्या (स्वरांच्या दोन ओळींमधल्या) अंतरासाठी डिफॉल्ट अनुक्रमे १२, ८, १ आणि ६०. यातलं फक्त बेसिक-डिस्टन्स बदलायचं असेल तर नावापुढे डॉट देऊन तेवढंच बदला. इंटरनेटवर जुन्या उदाहरणांत पूर्ण यादीच नव्याने दिलेली दिसते. अशा यादीत एकच घटक लिहिला तर बाकीचे तीन पुसले जातात. स्ट्रेचेबिलिटी गेली की पानाच्या तळाशी उरलेली जागा नीट वाटली जात नाही, पॅडिंग गेलं की वरच्या सिस्टिमचे शब्द खालच्या कॉर्डच्या नावांना भिडतात.

स्टाफचं माप निवडताना मनाला येईल तो आकडा देऊ नका. लिलीपाँडच्या एमेंटालर या स्वरचिन्हांच्या फाँटची आठ मापं वेगवेगळी रेखलेली आहेत. लहान मापात रेघा तुलनेने जाड, मोठ्या मापात नाजूक, म्हणजे लहान छपाईतही चिन्हं फिकट पडत नाहीत. सुट्या पार्टसाठी २०, गाण्यांच्या पुस्तकाला १८च्या आसपास, खिशातल्या स्कोअरला ११. स्टँडवर ठेवून उभ्याने वाचायचं असेल, किंवा गाणारी मंडळी वयस्कर असतील, तर २२-२३ घ्या. एक पान वाढलं तरी चालेल.

## देवनागरी शब्दांची स्टाइलशीट

मराठी गाणी स्टाफ नोटेशनमध्ये काढताना सगळ्यात जास्त वेळ शब्दांच्या फाइलीवर द्यावा. परदेशी उदाहरणांतून उचललेली स्टाइलशीट इथेच कमी पडते.

पहिली गोष्ट फाँटची. लिलीपाँडबरोबर येणाऱ्या मजकुराच्या फाँटमध्ये, म्हणजे सी-झिरो-फिफ्टी-नाइन आणि निंबसमध्ये, देवनागरी नाही. तरीही ‘क’ छापला जातो, कारण पँगो आणि फाँटकॉन्फिग ही अक्षरं मांडणारी आणि फाँट शोधणारी सॉफ्टवेअरं मिळून सिस्टिममधला कुठला तरी देवनागरी फाँट शोधतात. कुठला, ते त्या-त्या कॉम्प्युटरवर अवलंबून. तुमच्याकडे एक फाँट, छापणाऱ्याकडे दुसरा, शब्दांची रुंदी वेगळी, त्यामुळे ओळीही वेगळ्या जागी तुटलेल्या. म्हणून फाँटचं नाव स्पष्ट लिहा, आणि फाँटच्या फाइली प्रकल्पाच्याच फोल्डरात ठेवून फाँट-कॉन्फिग-अॅड-डिरेक्टरी या कमांडने जोडा. हा पथ इन्क्लूडच्या शोधमार्गाने धुंडाळला जात नाही, तेव्हा लिलीपाँड नेहमी एकाच फोल्डरातून, शक्यतो प्रकल्पाच्या मुळापासून चालवा. कुठले फाँट खरोखर दिसताहेत ते शो-अव्हेलेबल-फाँट्स हा पर्याय देऊन छापून घेता येतं. यादीतलं नाव अक्षरशः तसंच उतरवा.

फाँट निवडताना मराठी वळणाचे ल आणि श पाहा. पुष्कळ देवनागरी फाँटांत डिफॉल्ट रूप हिंदी वळणाचं असतं, मराठी रूप भाषेची खूण दिली तरच येतं, आणि ती खूण लिलीपाँडमधून देणं सोपं नाही. मूळ मराठी वळणासाठीच बनवलेला टीरो देवनागरी मराठीसारखा फाँट घेतला की प्रश्नच मिटतो. एक टाइपचा मुक्ता हा बारीक मापातही स्वच्छ वाचता येणारा फाँट आहे, आणि त्याची वजनं पुष्कळ असल्यामुळे ध्रुवपद ठळक, कडवी साधी असं करता येतं.

फाँट लावायच्या दोन वाटा आहेत. लिरिकटेक्स्टला (गाण्याच्या शब्दांना) फाँट-नेम देणं ही जवळची वाट, पण फाँट-नेम दिलं की ठळक-तिरपं ठरवणाऱ्या फाँट-सिरीज आणि फाँट-शेपच्या सेटिंग्ज निकामी होतात. ठळक हवं तर ‘बोल्ड’ हा शब्द नावातच लिहावा लागतो. दुसरी वाट म्हणजे पेपर ब्लॉकमध्ये पूर्ण फाँट-कुटुंब बदलणं. शीर्षक, शब्द, टेम्पो सगळं एका सुरात येतं. २.२४ मध्ये हे करताना फॅक्टर द्यायला विसरू नका: स्टाफची उंची भागिले पॉइंट भागिले २०. तो राहिला आणि स्टाफ २० सोडून दुसऱ्या मापाचा असेल तर अक्षरांचा रेघांशी मेळ बसत नाही. २.२५ पासून हीच गोष्ट प्रॉपर्टी-डिफॉल्ट्स या नव्या पद्धतीने लिहितात आणि फॅक्टरची गरज उरत नाही. फाँटची फाइल वेगळी ठेवण्याचं हे सगळ्यांत सबळ कारण: आवृत्ती बदलली की एवढी एकच फाइल हाताने सुधारायची.

तिरपं अक्षर मात्र देवनागरीला लावू नये. बहुतेक देवनागरी फाँटांना इटॅलिक नसतंच. इंग्रजी स्टाइलशीटमध्ये ‘सावकाश’, ‘दुसऱ्यांदा’ अशा सूचनांना इटॅलिक लावलेलं असतं. तिथे वजन किंवा माप बदला.

आता अंतरं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा-अनुस्वार-रफार आणि खाली उकार असतात, म्हणून ओळ रोमनपेक्षा उंच होते. लिलीपाँड प्रत्यक्ष आकार पाहून टक्कर टाळतं, पण शब्दांच्या दोन ओळींत डिफॉल्ट मिनिमम-डिस्टन्स २.८ स्टाफ-स्पेस आणि पॅडिंग ०.२ आहे. तीन कडवी एकाखाली एक लावली की वरचा ‘कू’ खालच्या ‘की’च्या वेलांटीला जवळजवळ टेकतो. लिरिक्स कॉन्टेक्स्टमध्ये नॉनस्टाफ-नॉनस्टाफ-स्पेसिंगचं मिनिमम-डिस्टन्स ३.४ ते ३.६ आणि पॅडिंग ०.५ केलं की डोळ्यांना मोकळं वाटतं. इथेही डॉट देऊन, पूर्ण यादी न बदलता.

आडव्या अंतरात एक खास देवनागरी अडचण आहे. जागा कमी पडली की लिलीपाँड एका शब्दातल्या दोन अक्षरांमधली हायफन गाळतं आणि अक्षरं चिकटवतं. रोमनमध्ये ते चालून जातं, देवनागरीतही शिरोरेषा जुळल्यासारखी दिसते आणि शब्द वाचता येतो. पण दोन वेगळ्या शब्दांतलं कमीत कमी अंतरही डिफॉल्ट ०.४५ स्टाफ-स्पेस एवढंच आहे. दाट ओळीत ‘घन निळा’चं ‘घननिळा’ होतं. लिरिकस्पेसचं मिनिमम-डिस्टन्स १.० करा. ओळी थोड्या लांबतात, शब्द सुटे राहतात. हायफन नेहमी दिसावी असं वाटत असेल तर लिरिकहायफनचं मिनिमम-डिस्टन्सही १.० करा. लहान मुलांच्या आणि मराठी न जाणणाऱ्या गायकांच्या प्रतीत हायफन ठेवावी, इतरत्र नाही ठेवली तरी चालते.

जोडाक्षर तोडायचं कुठे हा स्टाइलशीटचा विषय नाही, तरी नियम एका जागी लिहून ठेवा. ‘चंद्र’ दोन स्वरांवर असेल तर ‘चं’ आणि ‘द्र’. ‘दत्त’ दोन स्वरांवर असेल तर ‘दत्’ आणि ‘त’, किंवा ‘द’ आणि ‘त्त’. दोन्ही वाचता येतात, पण एका पुस्तकात एकच पद्धत हवी. लांबवलेल्या स्वराला ‘आ आ आ’ लिहायचं की एक्स्टेंडरची रेघ द्यायची, हेही असंच आधी ठरवून घ्या.

## चिन्हांना अर्थाची नावं

व्हेरिएबलच्या नावात 1, 2, 3 असे अंक चालत नाहीत, पण देवनागरी अक्षरं चालतात. मराठी गाण्यांच्या संग्रहात याचा फायदा घ्यावा. ‘कण’, ‘मींड’, ‘ध्रुवपद’ अशी नावं गाण्याच्या फाइलीत वाचताना सरळ कळतात.

नाव दिसण्यावरून नको, अर्थावरून हवं. ‘लाल-जाड-रेघ’ असं नाव दिलं आणि पुढे छपाई काळ्या-पांढऱ्यात करायची ठरली की नाव खोटं पडतं. ‘मींड’ कशीही छापली तरी मींडच राहते.

मींडसाठी ग्लिसँडो, म्हणजे दोन स्वर जोडणारी रेघ, वापरतात. जवळजवळच्या दोन स्वरांत ती रेघ इतकी आखूड होते की दिसतच नाही, मग लोक मिनिमम-लेंथ ५ देतात आणि काहीच बदलत नाही. कारण ग्लिसँडोची मिनिमम-लेंथ तेव्हाच मानली जाते, जेव्हा स्प्रिंग्ज-अँड-रॉड्स या प्रॉपर्टीला स्पॅनरचं ‘सेट-स्पेसिंग-रॉड्स’ हे फंक्शन दिलेलं असतं. मिनिमम-लेंथ, हे फंक्शन आणि रेघेची जाडी अशा तिन्ही ओळी एका विथ गठ्ठ्यात बांधून व्हॉइस कॉन्टेक्स्टला लावा. गाण्यात लिहिणाऱ्याने फक्त ‘मींड’ लिहावं. कणस्वराला अपोजिअतुरा (मुख्य स्वराआधीचा छोटा स्वर) ही कमांड जवळची. तिला ‘कण’ हे दुसरं नाव द्यायला कमांडच्या मागे एट्सेटरा लावून एका ओळीत काम होतं. पुढे कण तिरप्या रेघेसह छापायचे ठरले तर त्या एका ओळीत अपोजिअतुराच्या जागी अचाकातुरा येईल.

## एक गाणं, अनेक प्रती

गाण्याच्या फाइलीला हात न लावता वेगळी प्रत काढायला इन्क्लूड-सेटिंग्ज हा कमांड लाइनचा पर्याय आहे. त्यात दिलेली स्टाइलशीट गाण्याच्या आधी वाचली जाते. पण गाणं स्वतःच माप ठरवत असेल तर ते नंतर वाचलं जातं आणि त्याचंच खरं होतं. म्हणून अशा अनेक प्रती काढायच्या असतील तर गाण्यात इन्क्लूड होणाऱ्या त्या सहाव्या फाइलीत फक्त सर्व प्रतींना सामाईक अशा गोष्टी ठेवा: चिन्हं, शब्द, मांडणी. माप आणि फाँट बाहेरून या पर्यायाने द्या. फक्त गिटारवाल्याच्या प्रतीत कॉर्ड, फक्त गायकाच्या प्रतीत सगळी कडवी, असा मजकुराचा फरक असेल तर टॅग लावून कीप-विथ-टॅगने गाळा.

अनेक गाणी एका पुस्तकात जोडताना दोन गळत्या होतात. टॉप लेव्हलला लिहिलेला लेआउट ब्लॉक त्या एका गाण्यापुरता राहत नाही, संग्रहातल्या इतर गाण्यांनाही लागतो. एखाद्या गाण्याला खास मांडणी हवी असेल तर ती त्याच्या स्कोअरच्या आतल्या लेआउटमध्ये लिहा. दुसरी गळती जास्त घातक आहे. सगळ्या गाण्यांत ‘शब्द’ हेच व्हेरिएबल असेल आणि एका गाण्यात ते लिहायचं राहिलं, तर मागच्या गाण्याचे शब्द या गाण्याच्या सुरांखाली छापले जातात. एरर नाही, कारण व्हेरिएबल अस्तित्वात आहे. प्रत्येक गाण्याच्या नावांना गाण्याचा उपसर्ग लावणं हा खात्रीचा उपाय.

## आवृत्ती आणि तपासणी

प्रत्येक स्टाइलशीटच्या पहिल्या ओळीत व्हर्जन लिहा. कन्व्हर्ट-एल-वाय हे जुन्या फाइली नव्या आवृत्तीला जुळवणारं साधन त्या ओळीवरूनच काय बदलायचं ते ठरवतं, आणि ते इन्क्लूडच्या मागे जात नाही. गाण्याची फाइल बदलली म्हणून स्टाइलशीट बदलत नाहीत. त्यांच्यावर ते वेगळं चालवावं लागतं. स्कीममध्ये लिहिलेली फंक्शन्स त्याला पुष्कळदा कळत नाहीत, ती हातानेच तपासावीत.

स्टाइलशीटमधली एक ओळ बदलली की शंभर गाणी बदलतात, म्हणून एक चाचणीचं गाणं कायम ठेवा. त्यात तीन कडव्यांचे शब्द, ‘कू’, ‘की’, ‘र्क’, ‘द्र’ असे उंच-खोल आकार, कॉर्ड, कण, मींड, पहिलं-दुसरं एंडिंग असलेला रिपीट, आणि ओळ मोडून पुढे जाणारी स्लर एवढं असलं की बहुतेक अपघात तिथेच दिसतात. बदलाआधी आणि नंतर पीएनजी काढा, रेझोल्यूशन १५० पुरे, आणि इमेजमॅजिकच्या कंपेअर कमांडने फरक पाहा. पीडीएफ फाइली थेट ताडून पाहण्यात अर्थ नाही. त्यांच्यात तयार झाल्याची वेळ नोंदलेली असते, त्यामुळे पान तेच असलं तरी फाइल वेगळी निघते.

स्टाइलशीटचं गिट रेपॉझिटरी गाण्यांपासून वेगळं ठेवा आणि पुस्तक छापायला गेलं की त्या क्षणाच्या अवस्थेला टॅग लावा. दोन वर्षांनी एका पानातली चूक दुरुस्त करायची वेळ आली तर जुन्याच स्टाइलशीटने तेवढंच पान पुन्हा काढता येतं, आणि ते पुस्तकातल्या बाकीच्या पानांशी जुळतं.

बाहेर द्यायच्या प्रतीसाठी एक छोटी, वेगळी स्टाइलशीट असावी. तिच्यात पॉइंट-अँड-क्लिक-ऑफ ही कमांड आणि हेडरमध्ये टॅगलाइन (तळाशी लिलीपाँडचं नाव सांगणारी ओळ) बंद. पॉइंट-अँड-क्लिक चालू असेल तर पीडीएफमधल्या प्रत्येक स्वराला तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलीचा पूर्ण पथ चिकटलेला असतो. काम करताना फ्रेस्कोबाल्डीत स्वरावर क्लिक केलं की थेट त्या ओळीवर जाता येतं ते यामुळेच. बाहेर गेलेल्या प्रतीत मात्र त्यातून तुमचं यूजरनेम आणि फोल्डरांची नावं वाचता येतात, आणि फाइलही विनाकारण मोठी होते.